माडीवरची खोली

२ नोव्हेंबर १९४४, कळमनुरी

दादा गेले. मोटर दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिले आणि आपली आपण घराकडे आले. ‘घराकडे’ असं लिहून गेले खरं, पण आहे ती एक खोली. तरी कुलूप माझं, किल्ली माझी. बाराव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी कपाळ पुसून आखाडा बाळापूरला दादांच्या घरी परत. त्यानंतर आज पहिल्यांदा माझ्या कमरेला किल्ली आहे. हात सारखा तिकडेच जातो.

घर किसनरावांचं. गावातले मोठे शेतीवाले, मुलींच्या शाळेच्या कमिटीवर आहेत. पन्नाशीचे असतील. पांढरा फेटा, बोलणं एकदम हळू. मास्तरीणबाईनं कुठंही राहू नये, चांगल्या घरात राहावं, म्हणून त्यांनीच ही खोली देऊ केली. दादांना म्हणाले, “उत्तमराव, तुमी बिनघोर जावा. माझी लेक नांदायला गेली. तिच्या जागी ही रूपाबाई.” दादांचे डोळे भरून आले.

खोली माडीवर आहे, जिना अंगणातून. कोपऱ्यात न्हायची मोरी, एक खिडकी बोळावर उघडते. भिंतीत जाळीच्या दारांचं सागवानी कपाट आहे, माणूस उभा राहील एवढं मोठं. शेजारी त्यांची ज्वारीची कोठी, तिचा जिना त्यांच्या माजघरातून. किसनरावांच्या पत्नी शकुबाई खाली सूप घेऊन बसल्या होत्या. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले.

“एकलीच राहनार?” एवढंच विचारलं.

विधवेची सावली नको असेल त्यांना. असू दे. मी माझ्या खोलीत राहीन.

७ नोव्हेंबर

शाळेत मुली विसेक. निम्म्या कापूस वेचायला जातात म्हणून रोज येत नाहीत. हेडमास्तरीण द्वारकाबाई नांदेडच्या, कडक आहेत. म्हणाल्या, “इथं डोकं खाली घालून राहायचं, रूपाबाई. मास्तरणीकडे गाव दहा डोळ्यांनी बघतं.” मी म्हटलं, आमच्याकडे काय वेगळं आहे!

सकाळी बोळात भुजंग म्हणून एक धनगर शेरड्यांचं दूध घालतो. केस पिकलेला, अबोल माणूस. दुपारी त्याच बोळातून शेरडं हाकत माळाकडे जातो. दूध मोजताना वर बघतो. मला ते आवडत नाही.

१५ नोव्हेंबर

आज शाळेतून आले तर अंथरुणाची घडी घातलेली. सकाळी उशीर झाला म्हणून मी तसंच टाकून गेले होते, हे पक्कं आठवतं. कंदिलाची काचही पुसलेली, अगदी लख्ख. मला इतकं बरं वाटलं! शकुबाई तोंडानं कडू असल्या तरी मनानं चांगल्या आहेत म्हणायच्या. खाली जाऊन त्यांना म्हटलं, “काहून तकलीफ घेतली?”

त्या पोहे निवडत होत्या. हात थांबला. “मी वर येत न्हाई. माझे गुडघे चढत न्हाईत,” म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

मग मीच घातली असेन. दाराला कुलूप असताना दुसरं कोण येणार? नाही तर दाराची एक किल्ली त्यांच्याकडे असेल आणि उपकार कबूल करायचा नसेल. काही बायांचं असं असतं.

२० नोव्हेंबर

ताप होता, तरी शाळेत गेले. आता अंग गार पडलं आहे. आईच्या हातचे शेंगुळे खावेसे वाटतात. लसणाची फोडणी दिलेले, पातळ, ऊन ऊन. आई जाऊन नऊ वर्षं झाली. वहिनींना सांगितलं असतं तर त्यांनी केले असते, पण इथं सांगायचं कोणाला? तू ऐकतेस तेवढं पुष्कळ आहे, वही.

२२ नोव्हेंबर

काय योगायोग! शकुबाई गुडघे धरत माडी चढून आल्या आणि पितळी माझ्यापुढे आदळली. शेंगुळे!

“घ्या. तुमाला आवडतात म्हने.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“घरातून हुकूम झाला. आमी केले.”

किसनरावांनी दादांना विचारलं असेल, पहिल्या दिवशी. मी रडतच खाल्ले. मीठ जास्त होतं. शकुबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांची नजर माझ्यावर नव्हती, कपाटाकडे होती. खोली नीट ठेवली आहे की नाही ते बघत असतील.

१ डिसेंबर, शुक्रवार

शाळेला सुट्टी इथं शुक्रवारची. कपाट झाडलं. खालच्या फळीवर ज्वारीचे दाणे सांडलेले होते, पसाभर. मी ज्वारी पितळी डब्यात ठेवते, कपाटात कधीच नाही. कोठीतून उंदीर आणत असावेत. किसनरावांना सांगितलं तर लगेच सापळा घेऊन आले. कपाटात स्वतः मांडून दिला. “आता येनार न्हाई,” म्हणाले. “तुमी भ्याल्या व्हय?” मी हसले. उंदराला काय भ्यायचं!

पण दुसऱ्या एका गोष्टीनं मन खवळलं आहे. भुजंगानं आज दूध घालताना भांडं हातात ठेवूनच विचारलं, “बाई, तुमी शाळंत असता तवा वर कोन असतंय?”

मला वाटलं अंगावर पाल पडली. “तुला काय करायचं? माझ्या खिडकीकडे काहून बघत असतोस?”

त्यानं मान खाली घातली. “तसं न्हाई, बाई. दिसलं म्हनून इचारलं.” आणि निघून गेला.

मी नसताना माझ्या खिडकीवर नजर ठेवतो हा माणूस! मी कधी जाते, कधी येते, सगळं त्याला ठाऊक आहे. अंथरूण, कंदील, आता माझ्या लक्षात येतंय. परवा फणी सापडली नव्हती, ती दुसऱ्या दिवशी उशीखाली निघाली. मी कधी उशीखाली फणी ठेवत नाही.

३ डिसेंबर

किसनरावांना सगळं सांगितलं. सांगायला लाज वाटत होती, पण त्यांनी मध्ये एक शब्द काढला नाही. शेवटी विचारलं, “भुजंगानं ह्येच शब्द वापरले? ‘वर कोन असतंय’?”

“हो.”

“आनखी काय म्हनला?”

“दिसलं म्हणून विचारलं, म्हणाला.”

ते बराच वेळ फेट्याचं टोक बोटाला गुंडाळत बसले. मग बाजारातून नवं कुलूप आणून दिलं, भलं मोठं. दोन्ही किल्ल्या माझ्याच हातात ठेवल्या. “बाई, आता माझ्याकडं बी किल्ली न्हाई. मनात किंतु नको.”

दादा असते तर याहून जास्त काय करणार होते?

५ डिसेंबर

भुजंगाला चावडीवर नेऊन मारलं. मी मारा म्हटलं नव्हतं. शाळेतल्या मुलींनी सांगितलं, किसनरावांचे गडी होते, हात पिरगाळला. बोळात पाय ठेवायचा नाही अशी ताकीद दिली. दिवसभर काही शिकवता आलं नाही. मग स्वतःलाच समजावलं, बाईमाणसाच्या मागे लागला तर असंच व्हायचं.

आता निवांत होईल.

१४ डिसेंबर

आठवडाभर निवांत गेलं. आज नाही.

शाळेतून आले. कुलूप जसंच्या तसं. खिडकी आतून लावलेली. उशीला खोलगट खड्डा, कोणीतरी डोकं टेकून उठल्यासारखा. हात लावून पाहिला. ऊब होती का मला सांगता येत नाही. होती, असं वाटतं. दोरीवरची निळी चोळी नाही.

जिन्यात बसून राहिले. आत जावेना आणि खाली जावेना. खाली जाऊन सांगू काय? की कुलपाच्या आत कोणी माझ्या उशीवर निजलं होतं?

१८ डिसेंबर

द्वारकाबाईंना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि वर्गाचं दार लोटून घेतलं.

“चोळी वाऱ्यानं गेली असेल.”

“खिडकी बंद होती, बाई.”

“रूपाबाई, तुमचं वय काय? पंचवीस? एकटं राहून राहून मन असं करतं. आणि खरंच कोणी येत असेल,” त्यांनी आवाज आणखी उतरवला, “तर लोक आधी हे विचारतील की तुम्ही येऊ का दिलं.”

मी विचारलं, शाळेतच एक खोली मिळेल का? नाही म्हणाल्या. कमिटीला विचारावं लागेल. कमिटी म्हणजे किसनराव.

संध्याकाळी किसनरावांच्या कानावर घातलं, तर ते मला पोलिसांकडे घेऊन गेले. त्यांनीच सुचवलं. जमादारानं घरी येऊन कुलूप ओढून पाहिलं, खिडकीचे गज हलवले.

“ताला सलामत, खिडकी सलामत. चोर क्या हवा बनके आया, बाई?”

किसनराव म्हणाले, “जमादारसाब, बाई एकली राहते. भेव बसलंय मनात.” जमादार माझ्याकडे बघून हसला. किसनराव माझ्या बाजूनंच बोलत होते, तरी त्यांच्या त्या बोलण्यानं मी अगदी लहान लेकरू होऊन गेले.

२६ डिसेंबर

शकुबाईंनी आज अंगणात मला गाठलं. हातात पाण्याची घागर, ती खाली ठेवलीच नाही.

“मास्तरीणबाई, दुसरीकडं खोली बघ.”

“काहून? माझं काही चुकलं का?”

“तुझं काय चुकायचं हाय? खोली सोड म्हनते तर सोड. आखाड्याला जा तुझ्या भावाकडं.”

“मी तुम्हाला एवढी नकोशी झाले का?”

त्यांच्या तोंडावर काही तरी येऊन गेलं. रागच असेल. “व्हय,” म्हणाल्या. “नकोशी झालीस. जा.”

जीव तळमळला. मी यांचं काय बिघडवलं? किसनराव मला लेक म्हणतात, तेच यांना खुपत असेल. ज्या घरात एक बाईसुद्धा माझी नाही, तिथं मी कशाच्या आधारानं राहू? पण कुठं जाऊ? आखाड्याला गेले तर पुन्हा वहिनींच्या हाताखाली गोठा आणि चूल. किल्ली द्यावी लागेल.

२८ डिसेंबर

झोप नाही. उगाच जुनं आठवतंय, सासरचं. त्यांचा चेहरा मला मुळीच आठवत नाही. दोन वर्षं त्यांच्या घरात होते, पण मान वर करून पाहायची सोय नव्हती. वाढताना पुढे आलेला हात तेवढा आठवतो. मनगटावर भाजल्याचा डाग होता, चिंचेच्या पानाएवढा. हे मी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. कसं सांगणार, की नवरा गेला आणि मला रडायला चेहराच नव्हता?

४ जानेवारी १९४५

नीट लिहिते.

सकाळी शाळेला निघाले तर किसनराव ओट्यावर बसले होते. “बसा जराशा,” म्हणाले. संक्रांतीचं काही बोलले, लेक येणार नाही म्हणाले. मग म्हणाले, “तुमच्या जिवाला सन म्हनजे वाईटच. गेलेलं मानूस ध्यानात येतं.”

मी पिशवी खांद्याला लावली.

“चेहरा इसरतो, बाई. डाग ऱ्हातो.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर रस्त्याकडे बघत होते, मायेनं हसत होते. मला काही कळलं नाही. ‘हो’ म्हणून निघाले. शाळेच्या फाटकाशी आल्यावर थांबले.

मी हे कोणाला सांगितलं आहे? कोणालाच नाही. फक्त इथं.

शेंगुळेसुद्धा फक्त इथंच.

पोट दुखतंय म्हणून सुट्टी घेतली. घरी आले तेव्हा किसनराव शेताकडे गेले होते. खोलीत गेले, कपाट उघडलं. फळ्या काढल्या. मागची सागवानी पाटी भिंतीला ठोकलेली असते असं मी धरून चालले होते. मधोमध हात टेकवून दाबलं तर ती दारासारखी पलीकडे गेली. आवाजसुद्धा झाला नाही. बिजागऱ्यांना तेल घातलेलं होतं.

पलीकडे कोठी. ज्वारीची पोती दोन्हीकडे सारून मध्ये वाट केलेली. एक घोंगडी अंथरलेली. पाण्याचा तांब्या. माझी निळी चोळी घडी घालून ठेवलेली, मी घालते त्याहून नीट. पाटीत एक भोक, बोटाएवढं, बसल्यावर डोळा येईल त्या उंचीवर.

म्हणजे मी न्हात होते तेव्हाही. रडत होते तेव्हाही. हे लिहीत होते तेव्हा.

पाटी लोटून दिली. फळ्या पुन्हा लावल्या, जणू मीच काही चोरलं होतं. चोळी घेतली असती तर पुरावा झाला असता, हे आता सुचतंय. तेव्हा तिला हात लावायची इच्छा झाली नाही.

ही वही आता शाळेच्या पिशवीत राहील.

त्याच दिवशी, पुन्हा

शकुबाईंकडे गेले. चुलीपुढे होत्या. मी म्हटलं, “कपाटातून.”

त्यांनी फुंकणी खाली ठेवली. म्हणाल्या, “एवढं उलीसं कळायला किती उशीर लावलास, माय.”

“तुम्ही सांगितलं का नाही?”

“जा म्हनलं की न्हाई? जा जा म्हनलं. आदल्या मास्तरीणबाईला सांगितलं व्हतं बराबर, तोंडानं. तिनं त्यालाच इचारलं.” त्यांनी पदर कोपरावरून मागे सारला. हाड बसताना वाकडं बसलं होतं. “तवापून घागर ह्या हातानं उचलत न्हाई.”

“आपण दोघी मिळून जमादाराकडे जाऊ.”

“आनि मंग? तू जाशील आखाड्याला. मी संध्याकाळी कोन्या घरात जाऊ?”

त्यांनी मला भाकरी दिली. दोघींनीही खाल्ली नाही. रात्री द्वारकाबाईंच्या ओसरीवर निजले. एका रात्रीपुरतं, म्हणाल्या.

६ जानेवारी

अजून द्वारकाबाईंच्याच ओसरीवर आहे. आज जमादाराकडे एकटी गेले. किसनराव तिथं आधीच बसले होते, पानदान मध्ये. मला बघून उठून उभे राहिले. “या बाई, बसा.”

मी त्यांच्यासमोर बोलणार नाही म्हटलं. जमादार म्हणाला, जिसपर इल्जाम, उसके सामने बोलो. मी बोलले. काही शब्द तोंडातून निघेनात. जमादारानं पुन्हा पुन्हा विचारलं, न्हाताना म्हणजे कसं, चोळी कोणती. बाहेरचे दोघे शिपाई दाराशी येऊन उभे राहिले.

मग सगळे घरी. कपाट उघडलं. मागच्या पाटीला चारी बाजूंनी खिळे. भोकात लाकडाची खुंटी ठोकून वर तेल चोळलेलं. कोठीत ज्वारीची पोती आढ्यापर्यंत, बोट घालायला जागा नाही. मी म्हटलं, खिळे नवे आहेत, बघा. जमादार म्हणाला, खिळे नवे असणं हा गुन्हा आहे का?

“यांच्या घरातल्या कोणाला विचारा,” मी म्हटलं.

शकुबाईंना बोलावलं. पदर तोंडावर ओढलेला. “मला ठाव न्हाई,” म्हणाल्या. “माझे गुडघे चढत न्हाईत.”

त्यांचा राग यावा म्हणून मी खूप प्रयत्न केला. आला नाही.

९ जानेवारी

आता गावात असं बोलतात की भुजंगाचं आणि मास्तरणीचं होतं. तो मार खाऊन गेल्यावर बाईचं डोकं फिरलं, म्हणून तिनं देवमाणसावर आळ घेतला. मुलींच्या आया मुलींना पाठवीनात. आज वर्गात चौघीच. एकीनं विचारलं, “बाई, तुमाला भूत लागलंय का?”

शाळा सुटल्यावर माळावरच्या धनगरांच्या वस्तीवर गेले. भुजंग झोपडीपुढे बसला होता. उजवा हात फडक्यानं गळ्यात बांधलेला. त्याची बायको बनाबाई डाव्या हाताला उभी, ती मला बसा म्हणाली नाही.

मी पायाशी वाकले तर तो पटकन मागे सरला. “नगा, नगा.”

“तुम्ही काय पाहिलं होतं, भुजंगबुवा?”

“किसनराव. तुमच्या खिडकीत. दोनदा, तीनदा. तुमी तर शाळंत.”

“हे जमादारासमोर सांगाल?”

तो काही बोलायच्या आत बनाबाई मध्ये आली. “बाई, त्यानं आधी तुमालाच सांगितलं व्हतं. काय झालं त्याचं? आता डावा बी मोडून घ्यायचा का? शेरडं कोन हाकलंल? तुमी जावा.”

मी आले. ती एक अक्षर चुकीचं बोलली नव्हती.

१२ जानेवारी

दादा न्यायला आले. द्वारकाबाईंनीच निरोप धाडला होता. नोकरीवरून कमी केलेलं नाही, ‘तब्येतीसाठी’ पाठवलं. आखाडा जवळ आल्यावर दादा म्हणाले, “गावात कुनापाशी काही बोलू नको.”

२३ जानेवारी, आखाडा बाळापूर

ते आज इथं आले.

दादांनी बाज टाकली, वर चादर अंथरली. किसनराव बसले आणि दादांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “उत्तमराव, लेकरू चुकतं. आपन मोठ्यांनी सांभाळून घ्यावं. मी कमिटीत शबुद टाकलाय. बाईंची नोकरी जानार न्हाई, पुढच्या सालापून येऊ द्या. तवर नवी मास्तरीण लावली हाय, सुभद्राबाई म्हनून. तिला बी खोली आपलीच दिली.”

दादांनी हात जोडले. खरंच जोडले. मग आत डोकावून म्हणाले, “रूपा, चहा ठेव.”

मी चहा ठेवला. दूध घातलं, साखर घातली. कप घेऊन बाहेर गेले आणि त्यांच्यापुढे उभी राहिले, पण कप दिला नाही. म्हटलं, “हा माणूस कपाटातून माझ्या खोलीत यायचा. माझ्या अंथरुणावर निजायचा. मी न्हाताना बघायचा. आता हा सुभद्राबाईच्या खोलीत जाईल.”

अंगणात दादा होते, दोन गडी होते, शेजारचे ग्यानबा होते. कोणी हललं नाही. दादा जमिनीकडे बघत होते. किसनरावांनी हात पुढे करून माझ्या हातातला कप अलगद घेतला, घोट घेतला.

“आजून बरी झाली न्हाई,” ते दादांना म्हणाले. “दवा चालू ठेवा.”

ते गेल्यावर दादांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. मळ्यात निघून गेले आणि जेवायला आले नाहीत.

२५ जानेवारी

आशावहिनी आणि मी कापूस वेचायला. दुपारपर्यंत दोघी आपापल्या ओळीत, बोलणं नाही. वहिनी तशा कमीच बोलतात. पंधरा वर्षांत आमच्यात कामापलीकडे चार गोष्टी झाल्या असतील.

ओटी भरल्यावर बांधावर बसलो. वहिनींनी विचारलं, “त्ये कपाट भिंतीत किती खोल हाय?”

आजवर सगळ्यांनी विचारलं, तू काय केलंस, तू का राहिलीस, तुला काय पाहिजे. कपाट केवढं, हे पहिल्यांदा कोणी विचारलं. मी हातानं दाखवलं. मग सगळंच सांगितलं. चोळी, उशी, तांब्या, तेल घातलेल्या बिजागऱ्या. त्या मध्ये मध्ये साधं साधं विचारत होत्या, पाटी कोणीकडे उघडायची, कोठीचं कुलूप कोणाकडे. ऊन उतरलं तरी उठल्या नाहीत.

शेवटी म्हणाल्या, “त्या नव्या बाईला कोनी सांगितलं का?”

३० जानेवारी

बाजाराला जातो म्हणून वहिनींनी दादांना सांगितलं. दोघी मोटरीनं कळमनुरीला गेलो. मधल्या सुट्टीत शाळेच्या मागच्या बाजूला सुभद्राबाई भेटल्या. माझ्याहून लहान आहेत, विशीतल्या. बोलणं अदबीचं. मी नाव सांगितलं तशा हसल्या.

“किसनरावांनी सांगितलं होतं, तुम्ही याल म्हणून.”

मी पुढचं सगळं विसरले. सांगितलं, पण कसंबसं, उलटसुलट, मधलं आधी. मलाच ते वेड्या बाईचं बोलणं वाटत होतं. त्या मान हलवत ऐकत होत्या, आपण तापातल्या लेकराचं ऐकतो तशा.

“ते माझ्याशी फार चांगले वागतात,” म्हणाल्या. “मला आई-वडील नाहीत. ते लेक म्हणतात.”

वहिनी म्हणाल्या, “पोरी, ती खोटं बोलत न्हाई.”

“मी कुठं खोटं म्हणते? त्यांची तब्येत बरी नसते, एवढं ठाऊक आहे मला.” घंटा झाली. त्यांनी आम्हाला नमस्कार केला आणि वर्गात गेल्या.

आम्ही मोटरस्टँडकडे निघालो. किसनरावांच्या घरावरूनच वाट. ते ओट्यावर होते. “घरी येऊन जावा की,” म्हणाले. मागे दारात शकुबाई होत्या, त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि आत वळल्या. वहिनी थांबल्या नाहीत. मी स्टँडवर रडायला लागले तेव्हा वहिनी म्हणाल्या, “आपन सांगितलं. आता तिचं ती.” पण त्यांचाही आवाज धड नव्हता.

आम्ही आत बसलो, मोटर सुरू झाली होती. तेवढ्यात सुभद्राबाई आल्या, चालत चालत आणि मग पळत. हातात फक्त शाळेची पिशवी. चेहरा मातीसारखा. खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. काय झालं ते सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. मधल्या घटकाभरात खोलीवर जाऊन कपाटाची पाटी दाबून आल्या असाव्यात; खिळे आता नसणार.

“माझी पेटी वरच राहिली,” म्हणाल्या. मग म्हणाल्या, “मला जायला कुठं नाही.”

ड्रायव्हर ओरडत होता, यायचं तर या, नाही तर सोडा. मी वहिनींकडे पाहिलं. घर दादांचं. दादांनी मला गप्प राहा म्हणून बजावलेलं. उद्या गावात काय बोलतील, किसनराव पुन्हा येतील, बाजेवर बसतील, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

वहिनींनी बाजाराची टोपली मांडीवर घेतली आणि खिडकीकडे सरकल्या.

“ये,” त्या म्हणाल्या. “घर माझं बी हाय.”